इंजनाचा डब्बा आन् लेकराचं लंगोट

पीं पीं पीं पीं करून भिंतीवरचं ते वास हुंगणारं नाक बोंबललं आन् माह्या हातातलं रजिस्टर खाली पडलं. आता रजिस्टर उचलू का लेकरू उचलू? लेकरू तं शेडमंधी असायलेच नाई पायजे होतं. ते मागच्या कोपऱ्यात, रिकाम्या पोत्याइच्या आड, झोळीत निजलं होतं, आन् हे माह्याशिवाय कोणालेच माईत नव्हतं. इकडं हैद्राबादहून आलेले तपासणीचे साहेब तोंड वासून उभे, मिस्त्रीकाका इंजन बंद करायले धावले, नाकावरचा लाल दिवा चमकून राह्यला, आन् मले तं पहिल्या पीं-लेच समजलं होतं का हे इंजनाचं काम नाई. हे माह्या लेकराचं काम हाये.

थांबा, पहिलेपासून सांगते, नाईतं तुमी म्हणसान ही बाई काय बरळून राह्यली.

आमचं वावर तेलंगणात, भीमपूरच्या पलीकडं, पार महाराष्ट्राच्या शिवेले लागून. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका कंपनीनं टिनाचं शेड बांधलं आन् त्यात एक इंजन बसवलं. नाल्याचं पाणी ओढून वावराइले देते. पण डिझल पीत नाई. अमोनिया पिते. अमोनिया म्हणजे ज्याच्यापासून युरिया बनते ते. तुमी बंद खोलीत युरियाचं पोतं फोडलं असन, नाईतं सकाळी गोठ्याचं दार उघडलं असन, तं जो वास येते ना डोळ्याले झोंबणारा, तो. त्याच्यावर इंजन चालते. म्या पहिल्यांदा आयकलं तेव्हा मले वाटलं कंपनीवाले गावाची मजा घेऊन राह्यले.

इंजन सांभाळायले मिस्त्रीकाका ठेवले. हे इचोड्याचे. सारी जिंदगी हायवेवर ट्रकाइच्या खाली उताणे पडून काढलेली, म्हणून त्याइले आभाळापरीस ट्रकाचं पोट जास्त ओळखू येते, असं ते सोताच सांगतात. आन् मले ठेवलं कारण शेड आमच्या धुऱ्यावर, आन् मी आठवी अर्धी शिकलेली. अर्धी म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत लग्न जुळलं, मंग शाळा कायची. माह्यं काम येवढंच का घंट्याघंट्याले मीटरचा काटा पाह्यचा, रजिस्टरात लिवायचं, आन् झाडझूड करायची. पण मले खुर्ची होती. तुमी हसू नका. घरी मले खुर्ची नाई. घरी खुर्चीवर आत्याबाई बसतात, माह्या सासू, आन् त्या नसल्या तं त्यांचं लुगडं बसते वाळत. शेडमंधी माही सोताची खुर्ची होती, तिच्यावर बसून मी लिवे, आन् लिवतानी कोणी मले हाक नाई मारे. मले ती खुर्ची जाऊ द्यायची नव्हती. सारं त्याच्यासाठीच झालं.

आता डब्बा. इंजन अमोनिया पिते पण सारा जळत नाई, थोडा तसाच धुरासंगं बाहेर पडते. आन् जो जळते त्याच्यातून दुसराच एक खराब वायू तयार होते, तो छातीले लागते. हे दोन्ही असेच बाहेर गेले तं गाव खोकलत बसन. म्हणून धुराच्या नळीले मधातच एक मोठा डब्बा बसवला हाये. डब्ब्यात मोहोळासारखी बारीक बारीक भोकाइची वीट हाये, तिले कायतरी औषध लावलेलं. हे दोघं वायू तिथं भेटतात, औषध त्याइची गाठ मारून देते, आन् पलीकडून साधी हवा आन् पाणी निघते. म्या मिस्त्रीकाकाले इचारलं, "मंग ते औषध सरत नाई का?"

तं ते म्हणे, "पोरी, सोयरीक जुळवणारा मधला मानूस पाह्यला का? पोरगा-पोरगी दोघाइचं लगन लावते, आन् सोता तसाच्या तसा, पान खाऊन पुढच्या घरी जाते. तसं हाये ते."

हे मले लगेच समजलं. माह्या लगनातला मधला मानूस बी तसाच होता, दोनदा जेवून गेला.

फक्त एक हाये, डब्बा गरम व्हायले पायजे. थंडा असला तं रुसून बसते, कायच करत नाई. तव्यासारखं. पहिली भाकर बिघडते, मंग तवा तापला का चालते. मिस्त्रीकाका रोज तापायची वाट पाहे, मंग नळीच्या तोंडाशी टपटप पाणी गळे त्याच्यात बोट बुडवून हुंगे आन् म्हणे, "पाय, साधं पाणी. अमोनिया आत गेला आन् पाणी होऊन आला." असे खूश होत जसं काय त्याइचं नातूच झालं.

आन् नाक म्हणजे भिंतीवरची एक पांढरी डबी. अमोनिया थोडा जरी सुटला तं बोंबलते. पाटीवर नियम लिवलेले होते: लेकराइले शेडमंधी आणू नये. डब्ब्यावर काई ठेवू नये. नाक वाजलं तं ओला कपडा तोंडाले लावून, जिकडून वारा येते तिकडं पळावं.

पहिला नियम म्या पहिल्याच आठवड्यात मोडला. लेकरू सहा महिन्याचं, अंगावर पेते, आत्याबाई दुसऱ्याच्या वावरात तण निंदाले जातात, मी कुठं ठेवू? साडीची झोळी केली आन् पोत्याइमागं बांधली. इंजनाच्या आवाजानं ते असं निजे का घरी बी निजत नव्हतं.

दुसरा नियम झडीनं मोडला. तुमाले झड माईत असन, सात सात दिवस सूर्य नाई आन् पाऊस असा बारीक का पडते बी अन् पडत बी नाई. लेकराचे लंगोट वाळतच नव्हते. दुकानातलं डायपर आणतो म्हटलं तं आत्याबाई म्हणे, "त्या पिलास्टिकात लेकराचं बूड उकडून काढतं का? माह्ये चारी लेकरं लुगड्याच्या लंगोटात वाढले." त्याइनं आपलं लगनातलं लुगडं फाडून लंगोट केले होते, नरम, हिरव्या काठाचे. साबण लावायचा नाई, लेकराले फोड येतात. नुसतं पाण्यातून काढायचं आन् शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायचं, खाली ओव्याचा धूर. पण गवऱ्या ओल्या, लाकडं ओले, शेगडी पेटली का लेकरापरीस मीच जास्त खोके.

आन् इकडं शेडमंधी डब्बा. पाऊस असला तरी कंपनीच्या चाचणीसाठी इंजन रोज चालेच. वरून जाड पत्र्याचं आवरण, हात ठेवला तं उतरवलेल्या तव्यावानी उबदार. म्या पहिले एकच लंगोट ठेवलं, भीत भीत. पाच मिनिटात खटखटीत वाळलं. मंग दोन. मंग सारेच. मिस्त्रीकाका चाह्यले गेले का मी लंगोट पसरे, ते यायच्या आत गोळा करे. इंजन पाणी ओढे, डब्बा धूर निवळे, वरतून माहे लंगोट वाळत. एका अमोनियात तीन कामं. मले वाटे कंपनीनं माह्या नावानं बक्षीस लावायले पायजे.

मंग निरोप आला का हैद्राबादहून तपासणीचे साहेब येणार. त्याइनं सही केली तं इंजन इथं राहीन, नाईतं उचलून नेतीन. मिस्त्रीकाकाच्या अंगात आलं. एक दिवस इंजन बंद ठेवून त्याइनं सारं चकाचक केलं. डब्बा चांदीसारखा घासला. नाक पहिले दूरच्या भिंतीवर होतं, ते काढून डब्ब्याच्या बाजूले लावलं, साहेबाले दिसलं पायजे म्हणून. तोंडाले लावायचे मास्क धुळीनं खराब होऊ नये म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं. ओल्या कपड्याइची बादली होती, ती रिकामी करून पुसली आन् तिच्यात झेंडूचं फूल ठेवलं.

इंजन बंद, म्हणून माह्ये दोन दिवसाचे लंगोट तुंबले. साहेब यायच्या दिवशी तं पाण्यातून काढायले बी फुरसत नाई भेटली. तसेच्या तसे पिशवीत दाबून आणले. म्हटलं साहेब येईन दहाले, त्याच्या आत वाळवून घेते. डब्ब्याच्या मागं, भिंतीच्या फटीत, कोणाले दिसणार नाई असे खोचले.

सरकारी असो का कंपनीचे, कोणते साहेब येळेवर आले म्या नाई पाह्यले. हे येळेच्या अगोदर आले.

इंजन चालू झालं. डब्बा तापायची वाट पाह्यली. काटा खाली बसला, पाणी टपटपलं, मिस्त्रीकाकानं बोट बुडवून साहेबाले दाखवलं, साहेब मान हलवून "अच्छा है, अच्छा है" म्हणून राह्यले, खिशातून पेन काढला. आन् डब्बा जसा तापला तसे मागचे लंगोट तापले. दोन दिवसाचं मूत. आन् नाक त्याच्या शेजारीच.

तिथून मंग पीं पीं.

"मास्क! मास्क किधर है?" साहेब ओरडले.

"कुलपात हाये साहेब!"

"चाबी?"

मिस्त्रीकाकानं खिसे चाचपले. "चाबी... इचोड्याले. दुसऱ्या पँटात."

"गीला कपड़ा!" साहेब बादलीवर झडप घालतात तं बादलीत फूल. त्याइनं फूल पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, मंग इकडं तिकडं हात घातला, आन् डब्ब्यामागून जे काय ओलं लागलं ते ओढलं, चारपदरी केलं, नाकातोंडावर गच्च दाबलं आन् पळाले.

म्या ओरडायले तोंड उघडलं. पण काय म्हणून ओरडू? साहेब, ते सोडा, ते लेकराचं हाये? मंग लेकरू कुठून आलं?

म्या झोळीतून लेकरू काढलं, पदराखाली घेतलं आन् त्याइच्या मागं पळाली. साहेब नियमानं, जिकडून वारा येत होता तिकडंच पळून राह्यले. आमच्या सोयाबीनमंधून. चिखलात एक बूट राह्यला. पार बांधावर जाऊन थांबले, दम घेतला, मोठा श्वास ओढला, आन् डोळे पांढरे केले.

"अरे इधर भी है!"

आन् पुढं पळाले. तुरीतून. पुन्हा थांबले, ओढला. "इधर तो और जास्ती है!" पुन्हा पळाले. आता तुमीच सांगा, ज्यानं वास तोंडावरच बांधलेला, तो कुठंबी गेला तं वास तिथं राहीनच ना. पळत पळत शिवेचा दगड ओलांडला, तेलंगणातून महाराष्ट्रात गेले, एका कपाशीत उभे राहून हात वर करून म्हणतात, "दूसरे राज्य में भी फैल गई! हैद्राबाद फोन लगाओ!"

बाजूच्या तासात, कपाशीच्या ओळीत, आत्याबाई खुरपं घेऊन बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राह्यल्या, डोळ्यावर हात धरला.

"अवं," मले म्हणे, "तो मानूस माह्या लुगड्याचा काठ तोंडाले लावून काऊन पळून राह्यला?"

"आत्याबाई, चूप बसा, तुमच्या पाया पडते."

"चूप काऊन बसू? हिरवा काठ हाये. माह्या लगनातलं लुगडं हाये ते."

"आता ते लंगोट हाये."

आत्याबाईनं खुरपं खाली ठेवलं. "वाळलेलं का ओलं?"

"ओलं."

"पाण्यातून काढलेलं?"

म्या पदराखालच्या लेकराकडं पाह्यलं.

"अवं माय माय माय!" म्हणून आत्याबाई तासातच बसल्या, पदराचा बोळा तोंडात कोंबला, आन् त्याइचे खांदे असे हलत होते का दुरून पाहणाऱ्याले वाटावं बाई गॅसनं गेली. साहेबाले तसंच वाटलं. "वो देखो! औरत गिर गई!"

तवरोक मिस्त्रीकाका धापा टाकत पोहोचले. त्याइच्या तोंडावर काईच नव्हतं. त्याइनं इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं. "साहेब, मले तं कायचाच वास नाई येऊन राह्यला."

साहेब म्हणे, "तुम्हारी नाक मर गई है चाचा. इतने साल डीज़ल का धुआँ खाए, अब क्या वास आएगी तुमको."

साहेबानं ते काई वाकडं म्हणून म्हटलं नाई. पण मिस्त्रीकाकाचं तोंड एकदम उतरलं. त्याइनं नाकाले हात लावून पाह्यला, जसं ते हाये का नाई.

मंग साहेबानं बोलायसाठी लंगोट खाली घेतलं, आन् थांबले. वर नेलं. खाली घेतलं. पुन्हा वर नेलं. मी मनात म्हणून राह्यली, समजलं आता, गेली माही खुर्ची. पण साहेब शिकलेले होते ना, त्याइले वेगळंच समजलं. डोळे चमकले.

"देखा? गीले कपड़े ने पूरी गैस पकड़ ली! पानी अमोनिया को पी जाता है. इसी लिए मैं बच गया!"

आन् खांद्यावरच्या बॅगमधून एक जाड पिलास्टिकची पिशवी काढली, त्यात आत्याबाईचा हिरवा काठ घडी करून ठेवला, तोंड बंद केलं. म्हणे हे हैद्राबादले लॅबमंधी जाईन. रिपोर्ट येईपर्यंत इंजनाले कुलूप. गळती निघाली तं डब्बा बेकार, इंजन ट्रकात, आन् ज्याच्या हाताखाली झालं त्याले घरी. त्याइनं मिस्त्रीकाकाकडं पाह्यलं नाई, पण आमी सारे पाहून राह्यलो होतो.

मिस्त्रीकाकानं हात जोडले. "साहेब, डब्बा चांगला हाये हो. चूक असन तं माही असन. म्याच नाक जागचं हलवलं. मास्काले म्याच कुलूप लावलं."

पिशवीवर चिठ्ठी चिकटवली, त्याच्यावर साक्षीदाराची सही पायजे होती. साहेब म्हणे तुम करो, तुम रजिस्टर लिखती. म्या पदराखालचं लेकरू एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं, माह्याच लेकराच्या लंगोटावर साक्षीदार म्हणून सही केली.

तेवढ्यात पदराखालून ते शिंकलं.

"ये बच्चा?" साहेब म्हणे.

"माह्यापाशी होतं," आत्याबाई डोळे पुसत पुढं आल्या, हिंदीत बी घुसल्या, "मेरे पास था साहेब, खुरपते खुरपते रोया, तं आब्बीच दिया." येवढी मोठी गोष्ट त्या अशा सांगून गेल्या का मले बी खरी वाटली.

पण म्या ठरवलं होतं का सांगायचं. मिस्त्रीकाकाचे ते जोडलेले हात डोळ्यासमोरून हालत नव्हते. आमी शेडपाशी परत आलो, साहेब एका बुटानं गाडीत बसले, मी काचेपाशी गेली. "साहेब."

"बोलो बेटी."

सारे माह्याकडं पाहून राह्यले. माह्या तोंडातून निघालं, "साहेब, ती पिशवी उन्हात ठेवू नका."

"शाबाश!" साहेब म्हणे, आन् लिवून घेतलं. गाडी गेली.

आता झड उघडली हाये. ऊन असं कडक पडते का दोरीवर टाकलेले लंगोट दहा मिनिटात वाळतात. शेडले कुलूप, पण एक चाबी मिस्त्रीकाकापाशी, या पँटात. ते रोज बसनं येतात. कोणी बोलावलं नाई तरी येतात. त्याइनं डब्ब्याचा एक एक नट खोलला, मोहोळाची वीट काढून उजेडात धरून एका एका भोकातून पाह्यलं. गळती सापडून नाई राह्यली. कुठून सापडन? ती गळती आमच्या दोरीवर लटकून राह्यली. काल मले म्हणे, "पोरी, तुह्यं नाक चांगलं हाये, तू हुंगून पाह्य बरं." म्या विटेले नाक लावून हुंगलं आन् म्हटलं, काईच नाई येत काका. त्याइले वाटलं मी त्याइचं मन राखून राह्यली.

आन् रोज सकाळी, आमच्या कोठ्यातल्या युरियाची मूठ घेऊन नाकाशी धरतात. डोळ्यातून पाणी गळते तरी धरूनच. मंग मले म्हणतात, "येते तं वास. थोडा थोडा येते." आन् मी चाह्य आणायच्या बहाण्यानं घरात जाते.

आत्याबाई म्हणतात सांगू नको, त्या लंगोटानंच काय सांगायचं ते सांगू दे. मंग एकदम इचारतात, "काऊन वं, त्या लॅबातल्या मशीनले लेकराचं आन् इंजनाचं वेगवेगळं ओळखू येते का?" मले काय माईत. मी आठवी अर्धी. ओळखू आलं तं माही खुर्ची गेली, सही माहीच हाये त्याच्यावर. नाई आलं तं इंजन बी गेलं, आन् मिस्त्रीकाका बी.

आज सकाळी साहेबाचा फोन आला होता. रिपोर्ट उद्या येते म्हणे. मिस्त्रीकाकानं आयकलं, बोल्ट घट्ट केले, पाने पेटीत भरले आन् म्हणे, "चाल पोरी, मी उद्यापासून ट्रकाखाली. तिथं नाक नाई लागत." आता ते बाहेर दगडावर बसून बसची वाट पाहून राह्यले. अजून यायची हाये. मी माह्या खुर्चीवर बसली हाये, मांडीवर लेकरू हाये, हातात फोन हाये, साहेबाचा नंबर काढून ठेवला हाये, आन् लेकरानं आत्ताच मांडी ओली केली हाये.

तुमी माह्या जागी असते तं काय केलं असतं?